घर विकताना आईला विचारलंत का?

दिवाळीच्या आधीची गोष्ट. दुपारची वेळ होती. लोहारा तालुक्यातल्या एका गावातून एक मावशी माझ्याकडे आल्या. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेले कागद. चहा पुढे ठेवला तरी त्यांचं लक्ष पिशवीवरच. थोड्या वेळानं म्हणाल्या, "ताई, पोरानं घर इकायला काढलंय. इसार बी घेतलाय. म्हणतो, आये, ह्या बाँडवर अंगठा दे. देऊ का नको, तेवढं सांगा."

मी कागद उलगडले. त्यात घराचा कबाला होता. आमच्या मराठवाड्यात घराच्या मालकीच्या कागदाला अजूनही कबालाच म्हणतात. घर भूकंपातलं, अडीचशे चौरस फुटांचं. कागदावर नाव नवऱ्याचं, आणि नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. मावशींचं नाव कुठेच नव्हतं. लग्न होऊन गेलेल्या दोन लेकींचंही नव्हतं. गंमत म्हणजे जो मुलगा घर विकायला निघाला होता, त्याचंसुद्धा नव्हतं! नवऱ्याच्या मागं वारस नोंद करावी, हे कुणाला सुचलंच नाही. घरपट्टी भरली की घर आपलं, एवढंच सगळ्यांना माहीत.

"माझं नाव न्हाई त्यात. मग मला इचारायचं तरी कशाला?" मावशींनी विचारलं. या एका प्रश्नासाठी आजचा हा लेख.

नव्या पिढीतल्या वाचक मैत्रिणींसाठी थोडं मागं जाऊ या. 30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं झोपली होती. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हादरली. माळवदाची घरं, दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्यांच्या अंगावर आल्या. सरकारी आकड्यानुसारच जवळपास आठ हजार माणसं गेली. किल्लारी लातूर जिल्ह्यातली, म्हणून ते नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं. पण तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातली सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही गावंही त्याच पहाटे भुईसपाट झाली. पुढे जागतिक बँकेच्या मदतीनं पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला. दोन्ही जिल्ह्यांतली 52 गावं नव्या जागी वसवली गेली. घरं तीन मापांची होती. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना 250 चौरस फूट, त्यापुढे सात हेक्टरपर्यंत 400 आणि त्याहून जास्त जमीन असणाऱ्यांना 750. म्हणजे जमीन जेवढी, घर तेवढं. ज्या बाईच्या नावावर जमीनच नाही, तिचं नाव या हिशोबात यायचं तरी कुठून?

या पुनर्वसनात बायकांनी काम केलं नाही, असं मात्र म्हणू नका. घरं जागेवरच दुरुस्त करायची होती, अशा गावांत 'संवाद सहायक' म्हणून बायका उभ्या राहिल्या. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं ते काम उभं केलं होतं. भिंतीला कोपरा कसा बांधायचा, सिमेंटचं प्रमाण किती, हप्ता कुणाचा अडला, हे सगळं बायका विचारू लागल्या. अभियंत्याला गावात अडवून जाब विचारणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. घर बांधताना बाई होती. घर सारवायला, झाडायला, घराला घर ठेवायला बाईच होती. कागद करताना तेवढी ती चुलीपाशी राहिली.

आता तीस वर्षं उलटून गेली. तेव्हा पाच-सात वर्षांची असलेली मुलं बाप झाली. अडीचशे फुटांत दोन सुना, चार लेकरं आणि एक म्हातारी कशी मावणार? शेतीत पाण्याची मारामार, गावात काम नाही. पोरं पुण्याला, सोलापूरला जातात. मग सरकारनं दिलेलं घर ही एकच विकण्याजोगी गोष्ट हाताशी उरते. म्हणून घर विकणाऱ्या मुलाला मी एकदम खलनायक ठरवणार नाही. मावशींच्या मुलाशी मी बोलले. त्याला पुण्यात रिक्षा घ्यायची होती. डोक्यावर सावकाराचं कर्ज होतं. "मी काय आईला टाकणार आहे का ताई?" असं म्हणाला. मन दुखावलं होतं त्याचं. मी विचारलं, "मग पुण्यात तू राहणार कुठे?" म्हणाला, "मित्रासोबत खोलीवर." "आणि आई?" तो गप्प बसला.

सरकारनं दिलेल्या घराच्या विक्रीत हाच प्रश्न कुणी विचारत नाही. घर विकताना भाव ठरतो, इसार ठरतो, साक्षीदार ठरतात. म्हातारी कुठे जाणार, ते ठरत नाही.

हा प्रश्न आपल्याकडचाच आहे असंही नाही. इंग्लंडमध्ये 1980 साली कायदा झाला आणि नगरपालिकांच्या घरांत भाड्यानं राहणाऱ्यांना ती घरं विकत घेण्याचा हक्क मिळाला. तीन वर्षं भाडेकरू असलेल्याला किमतीत 33 टक्के सूट, वर्षांप्रमाणे वाढत 50 टक्क्यांपर्यंत. लाखो कामगार कुटुंबं आयुष्यात पहिल्यांदा घरमालक झाली. पण तिथंही अट होती. पाच वर्षांच्या आत घर विकलं तर सवलतीतला वाटा परत करायचा. पुढे गरिबांना भाड्यानं द्यायला घरंच कमी पडू लागली, तेव्हा स्कॉटलंडनं 2016 मध्ये आणि वेल्सनं 2019 मध्ये हा हक्कच बंद केला. आपल्या म्हाडाच्या घरालाही ताबा मिळाल्यापासून ठरावीक वर्षं विकायची बंदी असते. कारण उघड आहे. लोकांच्या पैशातून दिलेलं घर राहण्यासाठी असतं. ते उद्या दलालाच्या हाती जाऊ नये आणि ज्याला दिलं त्याचं कुटुंब पुन्हा उघड्यावर येऊ नये.

आता मावशींच्या प्रश्नाकडे येते. नाव नाही, मग विचारायचं कशाला? विचारायचं, कारण कायद्यानं त्यांचा हक्क आहे. घर नवऱ्याच्या स्वतःच्या नावावर होतं आणि त्यानं मृत्युपत्र केलं नव्हतं. अशा वेळी हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, मुलगे, मुली आणि मयताची आई जिवंत असेल तर ती, या सगळ्यांचा सारखा वाटा. बौद्ध, जैन, शीख कुटुंबांनाही हाच कायदा आहे. मावशींच्या घरात त्या स्वतः, एक मुलगा आणि दोन मुली. चार माणसं, चार सारखे वाटे. म्हणजे मुलाला विकायचं असेल तर तो आपला चौथा हिस्सा विकू शकतो, अख्खं घर नाही. मुस्लिम भगिनींचे वाटे त्यांच्या वैयक्तिक कायद्याप्रमाणे वेगळे आहेत. मुलंबाळं असतील तर विधवेला आठवा हिस्सा आणि मुलीला मुलाच्या निम्मा. पण तिथंही बाई शून्य नाही.

आणखी एक गोष्ट फार थोड्या जणींना माहीत असते. पूर्वी वारसा कायद्यात एक कलम होतं. त्याप्रमाणे कुटुंबातले पुरुष राहत असलेल्या घरात मुलीला वाटणी मागता येत नसे. पुरुषांनी वाटणी करायची ठरवली तरच तिला वाटा. 2005 च्या दुरुस्तीनं ते कलम काढून टाकलं. आज राहत्या घरातसुद्धा मुलीचा हक्क भावाइतकाच आहे. आणि समजा एका भावानं आपला हिस्सा परक्याला विकलाच, तर अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरात येऊन राहण्याचा हक्क त्या परक्याला मिळत नाही. त्याला कोर्टात जाऊन वाटणीच मागावी लागते. म्हणून "सही दे, नाहीतर उद्या लोक येऊन बाहेर काढतील" अशी भीती कुणी घातली तर घाबरू नका.

आता त्या बाँडबद्दल. आमच्या भागात शंभर रुपयांच्या बाँडवर घर विकायची रीतच पडून गेली आहे. (आता बाँड पाचशेचा झाला, रीत तीच.) दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का, पेढे वाटले, झाला व्यवहार. मैत्रिणींनो, हे खरेदीखत नव्हे. शंभर रुपयांहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणी केलेल्या दस्तानंच होते. म्हणजे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन, मुद्रांक शुल्क भरूनच. कुलमुखत्यारपत्र लिहून घर 'विकणं' ही मालकीची बदली नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर 8 ला नाव लागलं म्हणजे मालकी झाली, हाही गैरसमजच. तो करआकारणीचा कागद आहे.

यात फसतो तो घेणारासुद्धा. पोटाला चिमटा काढून कुणीतरी तीन-चार लाख जमवतो, बाँडवर घर घेतो. दहा वर्षांनी मूळ मालकाच्या लेकी दारात उभ्या राहतात. मग कोर्ट, वकील, तारखा. घेणाऱ्याच्या घरातही एक बाई असते, आणि जमवलेल्या पैशात बऱ्याचदा तिचं मंगळसूत्र असतं.

शिवाय शासनानं दिलेल्या जागेला अटी असतात. वाटपाच्या आदेशावर, कबाल्यावर त्या लिहिलेल्या असतात. कागदावर 'भोगवटादार वर्ग 2' असं असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय जागा विकता येत नाही. विकलीच तर शर्तभंग होतो आणि जागा सरकारजमा होऊ शकते. म्हणून कागद पिशवीत गुंडाळून ट्रंकेत ठेवू नका, वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातीकडून वाचून घ्या. अजून एक लक्षात असू द्या. एकदा सरकारी घराचा लाभ घेतलेल्या कुटुंबाला घरकुलाच्या यादीत सहसा पुन्हा जागा मिळत नाही. घर एकदा गेलं की गेलं.

"अहो, पण बायकांच्या नावानं कायदे कितीतरी झाले," असं कुणी म्हणेल. खरं आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली आणि हजारो शेतकऱ्यांनी आपणहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. 1994 मध्ये महाराष्ट्रानं देशातलं पहिलं महिला धोरण आणलं. 2003 मध्ये ग्रामपंचायतीच्या नोंदीत घर पती-पत्नी दोघांच्या नावे लावायचा निर्णय झाला. 'घर दोघांचे' अशी मोहीमच निघाली. घरकुलही आता बाईच्या किंवा दोघांच्या नावे मंजूर होतं. घर खरेदी करणाऱ्या बाईला 2021 पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पूर्वी त्या सवलतीला अट होती, पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही. ती 2023 मध्ये काढून टाकली.

एवढं सगळं आहे. मग मावशींच्या पिशवीतल्या कागदावर नाव का नाही? कारण शासनाचा निर्णय आपल्या दारापर्यंत आपोआप चालत येत नाही. अर्ज करावा लागतो, आणि अर्ज करायला घरातला पुरुष तयार व्हावा लागतो. "माझ्यावर भरवसा नाही का?" एवढं एक वाक्य तो बोलला की बाई अर्जाचा कागद घडी घालून ठेवून देते. मला विचाराल तर नाव लावणं हा अविश्वास नव्हेच. उलट भरवसा आहे म्हणूनच नाव लावायचं. नवरा उद्या नसेल तेव्हा तिला दारोदार पुरावे मागत फिरावं लागू नये, एवढीच त्यातली माया.

आणि पुरुषांनाच का बोलायचं? आपणही कमी नाही. मावशींच्या मोठ्या लेकीला मी फोन केला. तिला विक्रीची खबरच नव्हती. ऐकून ती रडली नाही, चिडलीही नाही. म्हणाली, "मला काय वाटा नको ताई. माहेर तुटंल. दादा म्हणंल तिथं सही करते." तिला मी काय उपदेश करणार? माझ्या माहेरच्या घराचं हक्कसोडपत्र मीही केलेलं आहे. दिवाळीत भावानं साडी नेसवली आणि दुसऱ्या दिवशी कागद पुढे केला. मी न वाचता सही केली. चार बुकं शिकलेली मी! वाट्याचं मला आजही दुःख नाही. पण त्या घरात तेव्हा आई होती. आई असेपर्यंत घर विकणार नाही, एवढी एक ओळ त्या कागदात लिहून घ्यायला हवी होती. ती मागायचं सुचलं नाही, याची बोच अजून जात नाही.

म्हणून बहिणींना माझं सांगणं आहे. हक्क सोडायचा तर खुशाल सोडा, तो तुमचा अधिकार. पण नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र पुन्हा फिरवता येणं फार अवघड, एवढं मनाशी ठेवा. आणि सही करण्याआधी आईचं काय, ते विचारा. जमलं तर हक्क भावाच्या नावे न सोडता आईच्या नावे सोडा. भावाशी भांडण नाही, माहेरही तुटत नाही, आणि आईच्या पायाखाली जमीन राहते.

आयांनाही सांगते. मुलाच्या नावे बक्षीसपत्र करायची घाई करू नका. आपल्यामागं त्यालाच मिळावं असं वाटत असेल तर मृत्युपत्र करा, ते हयातीत बदलता येतं. बक्षीसपत्र करायचंच असेल तर 'मरेपर्यंत मी याच घरात राहीन आणि माझा सांभाळ करायचा' ही अट त्यातच स्पष्ट लिहून घ्या. सांभाळाची अट मोडली तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याप्रमाणे उपविभागीय अधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात दाद मागून तो दस्त रद्द करून घेता येतो. अट लिहिलेली नसेल तर लढाई अवघड होते. वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. बाईला तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते. तिथं एक साधा अर्ज द्यायचा.

आता सरकारला दोन शब्द. गावठाणाची ड्रोननं मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याची स्वामित्व योजना 2020 पासून सुरू आहे. चांगली योजना आहे. पण पत्रिका तयार करताना जुन्याच नोंदीवरचं एकच पुरुषाचं नाव पुन्हा छापलं गेलं, तर आमच्या आयाबहिणींना पुढची पन्नास वर्षं तोच कागद नव्या रंगात मिळेल. भूकंपग्रस्त गावांत तर हे काम आधी करायला हवं. गावात शिबिर घ्या. मयत लाभार्थ्यांच्या वारसांच्या नोंदी तिथंच करा. हयात जोडप्यांची दोघांची नावं लावा. आणि कुणाच्या घराला कोणती अट आहे, ती विकायला परवानगी कुठे मागायची, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लिहा. नियम कळले नाहीत की माणसं दलालाकडे जातात. सरळ रस्ता सोपा केला, तर चोरवाटेनं कोण कशाला जाईल?

मावशींचं पुढे काय झालं, ते सांगते. त्यांनी अंगठा दिला नाही. मुलगा आठ दिवस बोलला नाही. मग घेणाऱ्यालाच कुणीतरी बाँडची गोष्ट समजावली, तसा तो इसार परत मागायला आला. मुलानं तो हप्त्यानं फेडायचं कबूल केलं आहे. चौघांच्या नावे वारस नोंदीचा अर्ज दिला आहे. तो मंजूर झाला की रिक्षासाठी कर्जाचं बघू, असं ठरलंय. घर उद्या विकायचंच ठरलं तर परवानगी काढून, रजिस्ट्री करून, चौघांच्या सह्यांनी विकतील आणि मावशींचा वाटा त्यांच्या खात्यात जाईल. मुलगा पुन्हा बोलायला लागला आहे. परवा मावशींचा फोन आला होता. म्हणाल्या, "ताई, अर्जावर मी अंगठा न्हाई दिला. नातीकडून शिकून सही केली."

तुमच्या घराचा कागद कुठे ठेवलाय, ते आज विचारा. मिळाला की वाचा. त्यात तुमचं नाव आहे का ते बघा, आणि नसेल तर संध्याकाळी जेवायला बसताना विषय काढा. आवाज चढवायची गरज नाही. "आपल्या घरावर माझंही नाव लावू या," एवढंच म्हणायचं. चार शब्द बोलायला आपण तीस वर्षं घेतली, आता आणखी वेळ नको.